विंडोज नवीन टाकली, तरी पीसी मध्येच बंद पडतोय? दोष असा शोधा

फॉरमॅट मारल्यावर जुनं सॉफ्टवेअर पुसलं जातं, एवढंच. रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय आणि बायोसमधली (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅममधली) सेटिंग जिथल्या तिथे राहतात. त्यामुळे हात घालण्याआधी एका प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर काढा: हा त्रास फॉरमॅटच्या आधी होता का?

आधीही असाच होता, तर संशय हार्डवेअरवर घ्या आणि खालचा ड्रायव्हरचा (हार्डवेअरला विंडोजशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचा) भाग वरवर वाचून रॅमवर या. आधी नव्हता आणि आत्ताच सुरू झाला, तर ड्रायव्हर, विंडोजची नवी आवृत्ती किंवा फॉरमॅटच्या निमित्ताने झालेला दुसरा एखादा बदल यांपैकी काहीतरी आहे. हा शेवटचा मुद्दा बरेच जण विसरतात. दुकानात पीसी दिला की विंडोजसोबत नवी एसएसडी बसते, ‘आठची सोळा’ म्हणून रॅमची आणखी एक स्टिक लागते, धूळ साफ करताना केबली हलतात. मग दोष विंडोजला दिला जातो. असं काही झालं असेल तर नवी बसवलेली रॅम काढून दोन दिवस पीसी वापरून बघा. बाकीच्या सगळ्या तपासण्यांपेक्षा ही स्वस्त आहे.

आधी बंद पडण्याची तऱ्हा ओळखा

‘बंद पडतो’ यात चार वेगळे आजार येतात. निळी स्क्रीन येऊन रिस्टार्ट होणं, प्लग ओढल्यासारखा एकदम अंधार होणं, चित्र गोठून माउसही न हलणं, आणि काही न सांगता सरळ रिस्टार्ट होणं. निळ्या स्क्रीनमागे ड्रायव्हर, रॅम किंवा एसएसडी असू शकते. एकदम अंधार झाला तर आधी पॉवर सप्लाय, वायरिंग आणि उष्णता बघायची. (विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत २०२५ च्या मध्यापासून क्रॅशची ही स्क्रीन निळीऐवजी काळी केली आहे. काळ्या पार्श्वभूमीवर स्टॉप कोड (क्रॅशचं कारण सांगणारं नाव) लिहिलेला दिसला तर तो अंधार समजू नका.)

बऱ्याचदा स्क्रीन येते आणि वाचायच्या आत जाते. ते थांबवायला स्टार्टमध्ये ‘व्ह्यू अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ शोधा, ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’खालचं सेटिंग्ज दाबा आणि ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’वरची खूण काढा. तिथेच ‘ऑटोमॅटिक मेमरी डंप’ निवडलेलं आहे ना, ते पाहा. डंप म्हणजे क्रॅशच्या क्षणी मेमरीत काय होतं याची विंडोजने लिहिलेली फाइल. पेजिंग फाइल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर वापरते ती फाइल) कोणी ‘एसएसडी वाचवायला’ बंद केली असेल तर ती परत सिस्टिम मॅनेज्डवर आणा. ती सी ड्राइव्हवर नसेल तर विंडोजला डंप लिहायला जागाच मिळत नाही आणि पुरावा हातचा जातो.

विंडोजने स्वतः काय नोंदवलंय

स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की रिलायबिलिटी मॉनिटर उघडतो. दिवसवार लाल फुल्या आणि त्याच दिवशी कोणता ड्रायव्हर किंवा अपडेट बसलं, दोन्ही एकाच पानावर दिसतात. ‘मंगळवारी वायफायचा ड्रायव्हर आला आणि मंगळवारपासूनच क्रॅश’ असा मेळ इथे पाच मिनिटांत लागतो.

मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्याखाली ‘सिस्टिम’. इथे ‘कर्नल-पॉवर ४१’ हमखास सापडेल आणि इंटरनेटवर शोधलंत तर कोणीतरी पॉवर सप्लाय बदलायला सांगेल. घाई करू नका. ४१ चा अर्थ ‘मागच्या वेळी विंडोज नीट बंद झाली नव्हती’ इतकाच आहे. ती परिणामाची नोंद आहे. कामाची गोष्ट तिच्या ‘डिटेल्स’ टॅबमध्ये असते: ‘बगचेककोड’. तो ० असेल तर विंडोजला काही कळायच्या आत वीज गेली, पीसी पूर्ण गोठला किंवा तुम्ही बटण दाबून धरलंत. आकडा असेल तर ती निळ्या स्क्रीनचीच संख्या आहे, पण दशमान पद्धतीत. कॅल्क्युलेटरच्या प्रोग्रॅमर मोडमध्ये ती हेक्समध्ये, म्हणजे स्क्रीनवर दिसते त्या रूपात, बदलून घेता येते. नेहमी भेटणारे असे:

- २९२: व्हीआ अनकरेक्टेबल एरर. प्रोसेसरने स्वतः हार्डवेअरची चूक कळवली. ओव्हरक्लॉक (ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं), व्होल्टेज, उष्णता. कधीकधी एसएसडी किंवा ग्राफिक्स कार्डचा स्लॉट.
- २७८: व्हिडिओ टीडीआर. ग्राफिक्स ड्रायव्हरने ठरल्या वेळेत उत्तर दिलं नाही.
- १५९: ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर. स्लीपमध्ये जाताना किंवा उठताना एखादा ड्रायव्हर अडकला.
- ३०७: डीपीसी वॉचडॉग. स्टोरेजचा किंवा नेटवर्कचा ड्रायव्हर आणि एसएसडीचं फर्मवेअर (तिच्या आतलं सॉफ्टवेअर) आधी बघा.
- २६: मेमरी मॅनेजमेंट. रॅम तपासा.
- १२२: कर्नल डेटा इनपेज. डिस्कवरून वाचता आलं नाही. डिस्क, केबल, मग रॅम.

आणखी काही नोंदी डोळ्यांखालून घाला. स्रोत ‘डिस्क’ आणि क्रमांक ७ म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे वाचन-लेखन पुन्हा करावं लागलं. १२९ म्हणजे ड्राइव्हने उत्तर दिलं नाही म्हणून तो रीसेट करावा लागला. ‘व्हीआ-लॉगर’ १८ ही हार्डवेअरची गंभीर चूक. क्रॅशच्या वेळेच्या आधीच्या दोन मिनिटांतल्या नोंदी महत्त्वाच्या. बाकी लाल-पिवळ्या खुणा धडधाकट पीसीतही शेकड्यांनी असतात.

डंप फाइली सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधल्या ‘मिनीडंप’मध्ये मिळतात. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून विनडीबीजी हे डंप वाचणारं साधन मोफत घ्या, फाइल उघडा आणि निळ्या अक्षरातल्या ‘अ‍ॅनालाइज’ दुव्यावर क्लिक करा. एकाच डंपवरून निष्कर्ष काढू नका. तीन-चार तरी बघा. प्रत्येकात त्याच ड्रायव्हरचं नाव आलं, तर चोर सापडला. नाव ‘एनव्ही’ने सुरू होत असेल तर बहुधा एनव्हिडिया, ‘आरटी’ने सुरू होत असेल तर बहुतेक वेळा रिअलटेकचं नेटवर्क किंवा ऑडिओ. दर वेळी नाव वेगळं आणि कोडही वेगळा येत असेल, तर ते रॅम किंवा प्रोसेसरचं लक्षण समजा. ‘एनटीओएसकर्नल’ हे नाव वारंवार दिसेल, पण तो विंडोजचा गाभा आहे. दुसऱ्याने केलेली घाण त्याच्या दारात सापडते.

ड्रायव्हर: फॉरमॅटनंतर सुरू झालेल्या त्रासाचं पहिलं ठिकाण

नव्या विंडोजमध्ये पहिला तासभर पडदा काळा होऊन परत येणं, रिझोल्यूशन बदलणं हे चालायचंच. मागे विंडोज अपडेट ड्रायव्हर ओढत असतं. अपडेटचं पान ‘तुम्ही अप टू डेट आहात’ म्हणेपर्यंत दोन-तीनदा रिस्टार्ट करा आणि त्यानंतरच्या क्रॅशचीच गणती करा.

मग डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळी खूण किंवा ‘अननोन डिव्हाइस’ असेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिटेल्स’ टॅबवर ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. ‘व्हीईएन’नंतरची चार अक्षरं बनवणारी कंपनी सांगतात: ८०८६ इंटेल, १०डीई एनव्हिडिया, १००२ एएमडी ग्राफिक्स, १०ईसी रिअलटेक. ग्राफिक्सच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर’ लिहिलेलं असेल तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही.

ड्रायव्हर मदरबोर्डच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या सपोर्ट पानावरून घ्या, तेही नेमका मॉडेल क्रमांक टाकून. क्रम असा ठेवा: चिपसेट, इंटेलमध्ये त्यासोबत मॅनेजमेंट इंजिन आणि सिरियल आयओ, मग स्टोरेज, मग ग्राफिक्स, नेटवर्क, शेवटी ऑडिओ. प्रत्येकानंतर रिस्टार्ट. चिपसेट राहिला तर पॉवर मॅनेजमेंट अर्धवट राहतं आणि स्लीपमधून उठताना पीसी गोठतो. सगळं एका क्लिकवर बसवणारे ‘ड्रायव्हर पॅक’ आणि ‘ड्रायव्हर अपडेटर’ टाळाच. त्यांच्यात नावाला जुळणारे पण दुसऱ्याच बोर्डाचे ड्रायव्हर सर्रास घुसतात. दुकानदाराने पेनड्राइव्हवरच्या पॅकमधून सगळं बसवून दिलं असेल, तर एकेक निस्तरण्यापेक्षा पुन्हा स्वच्छ विंडोज टाकणं सोपं पडतं.

ग्राफिक्सवर संशय असेल तर साध्या अनइन्स्टॉलने भागत नाही. नवा ड्रायव्हर आणि जुना मुळापासून काढणारं डीडीयू हे साधन आधी उतरवून ठेवा. नेट बंद करा, कारण नाहीतर विंडोज अपडेट मध्येच स्वतःचा ड्रायव्हर बसवून टाकतं. शिफ्ट दाबून रिस्टार्ट करा, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जात सेफ मोडसाठी (मोजक्याच ड्रायव्हरवर चालणाऱ्या विंडोजसाठी) ४ दाबा. डीडीयूमध्ये ‘क्लीन अँड रिस्टार्ट’, मग नवा ड्रायव्हर, मग नेट. ताजा ड्रायव्हर टाकूनही क्रॅश होत असेल तर एक-दोन आवृत्त्या मागचा टाकून बघा. सगळ्यात नवा तोच सगळ्यात स्थिर असं काही नसतं.

सेफ मोडचा दुसराही उपयोग आहे. तिथे दोन-तीन तास पीसी ठीक चालला आणि नेहमीच्या विंडोजमध्ये अर्ध्या तासात पडला, तर ड्रायव्हरवरचा संशय पक्का होतो. फक्त सेफ मोडमध्ये ग्राफिक्स कार्डावर भार पडत नाही, हे लक्षात ठेवा.

नव्या विंडोजने स्वतःहून बदललेल्या गोष्टी

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा फॉरमॅटच्या वेळी बरेच जण ११ वर गेले. स्वच्छ विंडोज ११ मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही असुरक्षित ड्रायव्हर अडवणारी सोय बहुतेक नव्या पीसींवर आपोआप चालू असते. जुना प्रिंटर, जुना ऑडिओ इंटरफेस किंवा गेमचं जुनं अँटी-चीट यांचे ड्रायव्हर तिला पटत नाहीत. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘डिव्हाइस सिक्युरिटी’, मग ‘कोअर आयसोलेशन’ इथे ती दिसते. बंद करून त्रास थांबला तर तो ड्रायव्हर शोधून काढून टाका आणि ती परत चालू करा. ती कायमची बंद ठेवणं हा उपाय नव्हे.

नव्या आवृत्तीमुळेच क्रॅश होतात याचं ठळक उदाहरण २०२४ च्या ऑक्टोबरचं. २४एच२ आल्यावर वेस्टर्न डिजिटलच्या एसएन७७० आणि एसएन५८० या २ टीबी एसएसडी असलेल्या पीसींवर निळ्या स्क्रीन येऊ लागल्या. या एसएसडींमध्ये स्वतःची डीरॅम नाही, त्या पीसीची थोडी रॅम उसनी घेतात. जुन्या विंडोजने ६४ एमबी दिली होती. नव्या विंडोजने एसएसडीने मागितलेली पूर्ण २०० एमबी दिली आणि जुन्या फर्मवेअरला ती झेपली नाही. नवं फर्मवेअर टाकल्यावर प्रश्न मिटला. म्हणून एसएसडी कोणत्याही कंपनीची असो, तिच्या अ‍ॅपमधून फर्मवेअर तपासा. आधी बॅकअप घ्या.

‘फास्ट स्टार्टअप’ बंद करून बघायलाही काही खर्च नाही. ते चालू असताना शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि ड्रायव्हरची बिघडलेली स्थिती दुसऱ्या दिवशी तशीच उठते. ‘शटडाउन करून लावला की हँग, रिस्टार्ट केला की नीट’ असं होत असेल तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी.

विंडोज कुठून आली हेही पाहा. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर बनवलेली असेल तर ठीक. ‘लाइट’ किंवा ‘गेमर’ म्हणून कापून-छाटून दिलेली आवृत्ती असेल, तर पुढची तपासणी करण्यात वेळ घालवू नका. आधी मूळ आवृत्ती टाका.

फाइली तपासायला अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्या टर्मिनलमध्ये आधी ‘डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ’ आणि मग ‘एसएफसी /स्कॅननाऊ’ या आज्ञा चालवा (टाइप अर्थात इंग्रजीत). आठवडाभरापूर्वी टाकलेल्या विंडोजमध्ये फाइली खराब निघाल्या आणि दुरुस्त करूनही पुन्हा निघत राहिल्या, तर ती स्वतःच एक साक्ष आहे: रॅम किंवा एसएसडी लिहितानाच डेटा बिघडवत आहे.

हार्डवेअर की सॉफ्टवेअर, एका पेनड्राइव्हवर निकाल

उबंटू किंवा लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) पेनड्राइव्हवर घेऊन ‘ट्राय’ पर्यायाने चालवा. इन्स्टॉल करायचं नाही. व्हिडिओ लावा, दहा-बारा टॅब उघडा, चार-पाच तास चालू ठेवा. इथेही पीसी गोठला किंवा रिस्टार्ट झाला तर विंडोज सुटली. पुढचं सगळं हार्डवेअरवर. लिनक्समध्ये ठीक चालला तर मात्र हार्डवेअर पूर्ण निर्दोष ठरत नाही, कारण एसएसडीला या वेळात फारसं काम पडलेलं नसतं.

रॅम

बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी, एएमडीमध्ये एक्स्पो किंवा डीओसीपी, बंद करा. पाकिटावरचा ३२०० किंवा ६००० हा वेग पुष्कळदा एक्सएमपीचा असतो, म्हणजे कंपनीने छापून दिलेलं ओव्हरक्लॉकच. ते बंद केल्यावर क्रॅश थांबले तर रॅम खराब असेलच असं नाही. वेग एक पायरी खाली आणून बघा.

मग मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घ्या आणि त्यावरून पीसी सुरू करा. मोफत आवृत्ती चार फेऱ्या करते. १६ जीबीला काही तास लागतात, म्हणून रात्री लावून ठेवा. एकही चूक चालत नाही. ‘फक्त दोनच एरर आल्या’ म्हणजे रॅम, स्लॉट किंवा सेटिंग यांपैकी एक सदोष आहे. विंडोजमधली मेमरी डायग्नोस्टिक घाईच्या वेळी चालते, पण ती वापरायचीच तर सुरू झाल्यावर एफ१ दाबून ‘एक्स्टेंडेड’ निवडा. साध्या तपासणीत पुष्कळ दोष निसटतात.

एरर आल्या तर एकच स्टिक ठेवून टेस्ट करा, मग दुसरी, दोन्ही त्याच स्लॉटमध्ये. एक नापास झाली तर स्टिक खराब. दोन्ही एकेकट्या पास आणि जोडीने नापास, तर जोडी जुळत नाही किंवा दुसरा स्लॉट गेला आहे. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन स्टिक सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात. बोर्डाच्या पुस्तिकेत बघून खात्री करा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन स्टिक एकत्र चालतीलच अशी हमी नसते.

एसएसडी आणि हार्ड डिस्क

डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून ‘गुड’ हा निळा शिक्का बघून थांबू नका. साटा (सहसा केबलने जोडलेल्या) ड्राइव्हमध्ये ०५, सी५ आणि सी६ या ओळींचे रॉ आकडे शून्य हवेत. सी७ वाढत असेल तर दोष बहुतेकदा साटा केबलचा. शंभर-दीडशे रुपयांत काम होतं. एनव्हीएमईमध्ये (सहसा थेट मदरबोर्डवर बसणाऱ्या एसएसडीमध्ये) ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ शून्य हवं.

पीसी गोठतो, डंप सापडत नाही आणि रिस्टार्ट केल्यावर बायोसमध्ये ड्राइव्हच दिसत नाही, पण पूर्ण बंद करून लावला की दिसतो. ही एसएसडी मध्येच गायब होण्याची ठरलेली खूण आहे. डंप लिहायचा त्याच ड्राइव्हवर असतो, म्हणून तो मिळत नाही. एसएसडी काढून परत नीट बसवा, पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्सप्रेसचं ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ बंद करा, फर्मवेअर बदला. तरीही होत असेल तर डेटा काढून घ्या आणि वॉरंटी वापरा.

वीज आणि उष्णता

तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवून गेम किंवा मुद्दाम भार टाकणाऱ्या ओसीसीटीची टेस्ट लावा. बहुतेक इंटेल प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आणि बऱ्याच रायझनची ९५ अंशांच्या आसपास असते. तिथे पोचल्यावर आधी वेग कमी होतो, बंद पडणं त्यानंतर. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात खोलीच ४० च्या वर असते, तेव्हा हिवाळ्यात पास झालेला पीसी उन्हाळ्यात नापास होऊ शकतो. हीटसिंकमधली धूळ काढा, पंखे फिरतात का बघा, थर्मल पेस्ट वाळली असेल तर बदला.

तापमान ठीक आणि तरी भार पडताच अंधार होत असेल, तर पॉवर सप्लाय. ग्राफिक्स कार्डाला दोन जोडण्या असतील तर एका केबलच्या दोन टोकांऐवजी दोन वेगळ्या केबली लावा. १२ व्होल्टची लाइन भाराखाली ११.४ च्या खाली गेली तर सप्लाय बदला. हे मोजायला मल्टिमीटर हवा, बोर्डाच्या सेन्सरवर विसंबू नका.

आपल्याकडे यूपीएसही तपासावा लागतो. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस ३६० वॉटच्या आसपास भार पेलतो, म्हणजे गेमिंग पीसी आणि मॉनिटर मिळून त्याच्या बाहेर जातात. लाइट गेली की नाही हे कळायच्या आतच पीसी बंद होत असेल तर यूपीएस काढून पीसी थेट भिंतीवरच्या सॉकेटमध्ये लावून बघा. अर्थिंग धड नसेल तर कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात आणि यूएसबी उपकरणं मध्येच तुटतात. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वायरमनला बोलवा.

प्रोसेसरचे दोन ओळखीचे दोष

इंटेलचे १३ व्या आणि १४ व्या पिढीचे वरच्या श्रेणीतले डेस्कटॉप प्रोसेसर चुकीच्या व्होल्टेजमुळे हळूहळू खराब होत होते. खूण अशी: गेममध्ये ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’, मोठी फाइल उलगडताना किंवा एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसवतानाच एरर. विंडोज कितीदाही टाकली तरी फरक पडत नाही. इंटेलने २०२४ च्या ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिला, तो बायोस अपडेटमधून येतो. पण तो पुढचं नुकसान टाळतो, झालेलं भरून काढत नाही. बॉक्समध्ये विकत घेतलेल्या या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आहे, तेव्हा बदलून मागा.

पहिल्या पिढ्यांचा रायझन कामात ठीक आणि रिकामा बसला की गोठतो, असं असेल तर बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ शोधा आणि ‘टिपिकल करंट आयडल’ ठेवा. जुने सप्लाय अगदी कमी भार नीट सांभाळत नाहीत, म्हणून हे होतं.

बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) सस्पेंड करा. २४एच२ पासून मायक्रोसॉफ्ट खात्याने स्वच्छ इन्स्टॉल केलं की बऱ्याच पीसींवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, आणि बायोस बदलताच पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर असते. आधीच लिहून घ्या. आणि साटा मोड आरएआयडी किंवा व्हीएमडीवरून एएचसीआयवर सहज म्हणून बदलू नका. विंडोज सुरूच होणार नाही, ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ येईल.

दरवेळी एकच बदल करा आणि तारखेसह लिहून ठेवा. रोज पडणाऱ्या पीसीला एका बदलानंतर दोन-तीन दिवस पुरतात. आठवड्यातून एकदाच पडणाऱ्याला निदान दोन आठवडे द्या, नाहीतर ‘सुटला’ म्हणाल आणि पुन्हा पडेल. वॉरंटीत द्यायची वेळ आली तर मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो, क्रिस्टलडिस्कइन्फोमधल्या स्मार्टच्या आकड्यांचा स्क्रीनशॉट आणि तीन-चार डंप फाइली सोबत न्या. रॅम जोडीने घेतली असेल तर एकच स्टिक खराब निघाली तरी पूर्ण जोडी बदलून मागा.